ओढलं की ओलं

त्याला सगळे वायसर म्हणत. नळाच्या तोटीत रबराची एक काळी चकती असते, ती झिजली की नळ बंद करूनही टिपटिपत राहतो. त्या चकतीचं नाव या माणसाला पडलं, आणि असं पडलं की त्याचं स्वतःचं नाव विचारलं तर शेजाऱ्यांना आठवावं लागे. छत्तीस वर्षं तो पाणीखात्यात फिटर होता. खिशात दुसरं काही नसलं तरी पाचसहा वायसर असायचेच. स्वतःच्या लग्नात हात धुवायला नेला, तर नवरदेवानं आधी तोटी पिरगळून पाहिली आणि सासऱ्याकडे पाना मागितला. बायको पुढे जन्मभर सांगायची, "माझ्याकडे बघायच्या आधी यांनी नळाकडे बघितलं."

ती जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक खिडकी, आणि जिना असा की प्रत्येक पायरी जणू वेगळ्या गवंड्यानं बांधलेली. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर त्याची वहिनी राहायची, थोरल्या भावाच्या मागे राहिलेली. तिचे गुडघे गेले होते, म्हणून ती वर येत नसे. दुपारी रस्त्यात उभी राहून हाक मारायची, हा खिडकीतून दोरी सोडायचा, ती दोरीच्या पिशवीत डबा ठेवायची. दोघांचं बोलणं असं तीन मजल्यांच्या अंतरावरून, त्यामुळे त्यांच्या घरातलं काहीही गल्लीत कुणापासून लपून राहिलं नव्हतं.

"भाऊजी, काल डबा अर्धा परत आला!"

"भूक नव्हती, वहिनी."

"भूक कशी लागेल? बसून बसून माणसाची उशी होते!"

बसून होता हे खरं. घोट्याच्या वर त्याला एक जखम झाली होती, शिरांच्या दुखण्याची, आणि ती भरता भरत नव्हती. चार महिने तो जिना उतरला नव्हता. दवाखान्यानं घरी येणारी सिस्टर लावून दिली होती. ती सोमवारी आणि गुरुवारी यायची, पट्टी सोडायची, जखमेच्या कडेनं पुसून घ्यायची, औषध लावून नवी पट्टी बांधायची आणि जायची. अठरा मिनिटं. त्यातली दोन जिना चढून आल्यावर दम खायची. वायसरनं घड्याळ लावून मोजलं होतं असं नाही, पण रिकाम्या घरात घड्याळ आपणहून मोजतं.

सोमवारी सकाळी तो खुर्च्या झटकायचा. दोनच खुर्च्या, पण झटकायचा. मग मंगळवार यायचा. मंगळवाराबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

एका गुरुवारी सिस्टरनं पिशवीतून वाइप्सचं पाकीट काढलं. वाइप म्हणजे काय, तर आपलं पोतेरंच, फक्त पांढरंशुभ्र, औषधाच्या पाण्यात भिजवलेलं आणि एकदाच वापरायचं. तिनं पहिला ओढला, तो खडखडीत. दुसराही तसाच. तिसऱ्याला जरा ओल होती.

"बघा काका, परत," ती म्हणाली. "पाकिटात ऐंशी येतात. घरात चार माणसं असतील तर संपतात दोन दिवसांत. मला एका घरी एक नाहीतर दोन लागतात. तोवर त्या झाकणाच्या चिकटपट्टीचा चिकटा जातो. वरचे वाळतात आणि खालचे पोहत असतात."

"मग वरून पाणी मारा."

"नळाचं पाणी जखमेला चालत नाही. आणि कोरडा वापरला की सालटं निघतात. तुमचं कातडं जाड आहे हो. माझ्याकडे एक आजी आहेत, त्यांचं कातडं म्हणजे कांद्याचा पापुद्रा. त्यांच्यासाठी मी खालचा, ओला राहिलेला शोधून ठेवते."

ती गेल्यावर वायसर बराच वेळ त्या दोन कोरड्या वाइप्सकडे बघत बसला. मग स्वतःशीच म्हणाला, "सगळे आधीच कशाला भिजवायचे? उद्या तहान लागेल म्हणून आजच घोट घेऊन कुणी तोंडात धरून बसतं का?"

झालं, माणसाला काम मिळालं. सोमवारी सिस्टर आली तेव्हा टेबलावर कागद पसरलेला होता, आणि त्यावर पेन्सिलीनं एक पेटी काढलेली होती.

"आत कोरड्या कापडाची गुंडाळी," त्यानं समजावलं. "वर औषधाच्या पाण्याची बाटली. खाली दोन रूळ. कापड त्यांच्या मधून बाहेर येणार. तुम्ही ओढलंत की बाटलीची झडप उघडेल, तेवढ्यापुरतं पाणी रुळावर पडेल, आणि कापड ओलं होऊन हातात. ओढलं की ओलं. नाही ओढलं तर वर्षभर कोरडंच राहू दे."

सिस्टर बोट ठेवून बघत राहिली. "काका, हे खरंच होईल?"

"छत्तीस वर्षं पाणी थांबवलं. आता हवं तेव्हा सोडायचं. त्यात काय?"

त्यात बरंच काही होतं. पहिली पेटी त्यानं पावाच्या डब्यात केली. रूळ म्हणून रंग द्यायच्या ब्रशाच्या दांड्या घेतल्या. त्यातल्या एकीला एक उंचवटा चिकटवला, म्हणजे रूळ फिरला की उंचवटा झडपेला ढकलून उघडेल. चालली झकास. पण सिस्टरनं कापड अर्धंच ओढून सोडलं, उंचवटा नेमका झडपेखाली अडकला, झडप उघडीच राहिली आणि सगळी गुंडाळी भिजून लगदा झाला. दोघंही हसत सुटली. त्या दिवशी अठराची सव्वीस मिनिटं झाली.

"लोक पूर्ण ओढतील असं धरून चालायचं नाही," वायसर म्हणाला. "लोक नळसुद्धा पूर्ण बंद करत नाहीत."

दुसऱ्या पेटीत त्यानं उंचवटा काढून टाकला. कापड एका हलक्या आडव्या दांडीवरून नेलं. कापड ताणलं की दांडी वर उचलली जाते आणि झडप उघडते. ताण गेला की दांडी स्वतःच्या वजनानं पडते आणि झडप मिटते. मग अर्धं ओढा, पाव ओढा, मधेच शिंक येऊ द्या. झडपेच्या तोंडाशी अर्थातच एक वायसर, नखाएवढा, त्यानं कात्रीनं कापून घासून केलेला.

खालून वहिनी ओरडली, "काय चाललंय भाऊजी वर? ठोकाठोकी ऐकू येते!"

"पेटी करतोय!"

"कसली?"

"फडकी ओली करायची!"

वहिनीनं गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा उसासा टाकला. "अहो, बादलीत बुडवा की!"

पण सिस्टरला पेटी आवडली होती. ती आली की आधी पेटीकडे बघायची, मग पायाकडे. तिनं कोरड्या मऊ कापडाची गुंडाळी आणून दिली, औषधाच्या पाण्याची छोटी बाटली आणून दिली. एकदा म्हणाली, "काका, तुमचा पाय आता भरत आला. आणखी तीनचार खेपा, बस. पण पेटी पूर्ण होईपर्यंत मी येऊन बघणार हं. वाटेवरच आहे."

ती सहज बोलून गेली. वायसरनं मात्र ते धरून ठेवलं.

बुधवारी संध्याकाळी त्यानं पेटी तपासली. शंभर वेळा कापड ओढलं, शंभर वेळा झडप मिटली, खाली ठेवलेल्या वर्तमानपत्रावर एक थेंब नाही. पेटी पूर्ण झाली होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग खिडकीतल्या डबीत बोटं घातली. डबीत जुने काढलेले वायसर होते, फेकवले नव्हते म्हणून राहिलेले. त्यातला एक कडेनं झिजलेला त्यानं शोधला, कापून लहान केला आणि चांगला काढून हा बसवला.

ज्या माणसानं लोकांच्या घरी जेवायच्या आधी नळ तपासले, त्यानं स्वतःच्या हातानं गळती लावली. त्याच्या खात्यात कुणी हे सांगितलं असतं तर लोकांनी विश्वास ठेवला नसता.

गुरुवारी सिस्टरनं पेटी उचलली. खाली ओलं वर्तुळ होतं.

"अरेरे, गळतंय काका."

"वायसर नीट बसला नाही," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत बघतो."

सोमवारी पुन्हा वर्तुळ, जरा लहान. त्यानं ते लहान होईल असं बघितलं होतं, कारण काम पुढे जातंय असंही दिसायला हवं. पुढच्या गुरुवारी गळती नव्या जागेवरून आली. खोटं बोलायलासुद्धा कारागिरी लागते.

"भाऊजी," वहिनी खालून म्हणाली, "अख्ख्या वस्तीचं पाणी थांबवलंत आणि एका डब्याचं थांबेना? म्हातारे झालात हो!"

"झालो खरा," तो म्हणाला, आणि त्या दिवशी डबा अर्धाच खाल्ला.

पुढच्या सोमवारी सिस्टर घाईत होती. पट्टी बांधून झाली, ती उठली आणि टेबलावरची पेटी तिनं उचलली. "आज नेते मी. आजींकडे चालते का बघते."

वायसर अर्धा उठला. "ती... अजून गळते."

"थोडंसंच ना? पिशवीत उभी ठेवते."

एक वाक्य बोलायचं होतं. थांबा, वायसर बदलून देतो, एवढंच. एका मिनिटाचं काम. पण एका मिनिटात बदलता येत होतं तर तीन खेपा का बदललं नाही, हे मागून आलं असतं. तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला आणि तिची पावलं जिन्यावरून उतरताना ऐकत राहिला.

मंगळवार गेला, बुधवार गेला. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते दोन दिवस त्याला घास गोड लागला नाही.

गुरुवारी ती आली. दम खायला थांबली नाही. पेटी टेबलावर ठेवली आणि पट्टी सोडायला बसली.

"चालली का?" त्यानं विचारलं.

"सगळं पाणी पिशवीत गळलं," ती खालीच बघत म्हणाली. "सगळ्या घरांच्या नोंदींचे कागद भिजले. तेही ठीक आहे, कागद वाळतात. पण मी पेटीच्या भरवशावर पाकीट घेतलंच नव्हतं. आजींच्या हाताला घाण लागलेली, पुसायला तर हवं. पेटीतून आलं ते कोरडं. मी अगदी हलक्या हातानं पुसलं, तरी एवढं सालपट निघालं." तिनं दोन बोटं जोडून दाखवली. "ओरडल्यासुद्धा नाहीत. नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडे. माझीच चूक. तुम्ही सांगितलं होतं गळते म्हणून."

तिनं चूक स्वतःच्या अंगावर घेतली, आणि इथेच वायसरचा धीर सुटला. तिनं चार शब्द सुनावले असते तर तो गप्प बसून ऐकत राहिला असता.

"सिस्टर, तुमची नाही," तो म्हणाला. "झिजलेला वायसर मी मुद्दाम घातला होता."

तिचे हात थांबले. "म्हणजे?"

"पेटी दोन आठवड्यांमागेच पूर्ण झाली. मी दर वेळी खराब करून ठेवत होतो."

"पण का?"

मग तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तुम्ही म्हणालात ना, पेटी होईपर्यंत येईन."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती.

"काका, मी रोज सहा घरं करते," सिस्टर शेवटी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मऊही नव्हता. "सहाही घरी वाटतं, हिनं जरा जास्त बसावं. एक जण तर मी निघायच्या वेळी नेमकं पोट दुखतं म्हणतात. मला कळतं सगळं. पण पोटदुखीनं दुसऱ्या कुणाचं कातडं निघत नाही."

"खरं आहे."

"मला तुमचा राग आलाय."

"यायलाच हवा."

तिनं पट्टी बांधली. अकरा मिनिटांत काम संपलं. दारातून मागे वळून बघितलंही नाही.

ती गेल्यावर वायसरनं झिजलेला वायसर काढून चांगला बसवला. ते खरोखरच एका मिनिटाचं काम होतं, आणि त्या मिनिटाची त्याला फार लाज वाटली. मग शुक्रवार ते रविवार त्यानं पेटीला जे केलं ते शत्रूलाही करू नये. आडवी ठेवली, उलटी टांगली, पिशवीत घालून खोलीभर फिरवली, दोरीनं खिडकीतून खाली सोडून वर ओढली.

"भाऊजी, हे काय नवीन?" वहिनीनं खालून विचारलं. "डबा मागायची ही कुठली रीत?"

"बघा जरा वहिनी, खाली थेंब पडला का?"

वहिनीनं कमरेवर हात ठेवून रस्ता निरखला. "थेंब नाही पडला. तुमचं डोकं तेवढं पडलंय वाटतं कुठेतरी!"

सोमवारी सिस्टर आली. जखमेवर गुलाबी, नवी, बाळासारखी कातडी आली होती. ती काही बोलायच्या आत वायसर म्हणाला, "आजींकडे पेटी मी स्वतः घेऊन येतो. मला त्यांना भेटायचंय."

"तीन मजले उतरायचेत, काका."

"उतरू."

उतरायला त्याला तिच्या दम खायच्या वेळेच्या पाचपट वेळ लागला. दर पायरीवर आधी बरा पाय, मग दुसरा, मग कठडा. सिस्टर पेटी धरून एक पायरी पुढे. खाली आल्यावर वहिनी दारातच होती. तिनं चष्मा पुसला, घातला आणि पुन्हा पुसला.

"अगो बाई! भाऊजी रस्त्यावर! आता पाऊस नको पडू दे कुठे!"

"येतो जाऊन."

"सावकाश या. पाचसहा महिन्यांत रस्ता विसरला असाल!"

विसरला नव्हता, पण कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान जाऊन तिथे फोनचं आलं होतं, आणि ते बघून तो क्षणभर थांबला.

आजींचं घर तीन गल्ल्या पलीकडे. दारात चपला इतक्या की पाय ठेवायला जागा नाही. आत टीव्ही चालू, एक मूल रडत होतं, दुसरं त्याला रडवत होतं, सून फोनवर कुणाला तरी ओरडत होती आणि ओरडता ओरडताच त्यांना हातानं आत बोलावत होती. आजी पुढच्याच खोलीत खाटेवर बसल्या होत्या. हातावर पट्टी.

वायसरनं वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं. तो खाटेपाशी गेला आणि म्हणाला, "आजी, तुमच्या हाताला लागलं ते माझ्यामुळे."

आजींनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू कोण? नळाचा का?"

"हो. नळाचाच."

"मग आत जा. मोरीतला गळतो. कधीचं सांगतेय."

सून फोन कानावरून बाजूला धरून म्हणाली, "अहो, दोन वर्षांपूर्वीच केलाय तो नीट. त्यांना तसंच वाटत राहतं."

"आजी, तुमच्या हाताचं—"

"तुझ्यामुळे कसं होईल? तू तर आत्ता आलास," आजी म्हणाल्या, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला. वायसर इतक्या लांबून आणलेली माफी हातात धरून उभा राहिला. ती ठेवायला त्या घरात जागा नव्हती.

सिस्टरनं खाटेशेजारच्या स्टुलावर पेटी ठेवली, खाली एक कोरा कागद घातला आणि कापडाचं टोक ओढलं. दांडी उचलली गेली, बारीक टक् झालं, आणि हातात आलं ते कापड सगळीकडून सारखं ओलं होतं. तिनं ते आजींच्या दुसऱ्या हातावर ठेवलं, पुसलं नाही, नुसतं ठेवलं.

"गार आहे," आजी म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच हात पुढे करून आणखी एक ओढला, आणखी एक, आणि सून म्हणाली, "बास, अख्खी गुंडाळी संपवाल." रडणारं मूल रडायचं थांबून पेटी बघायला आलं. त्यालाही एक ओढून दिला.

वायसर मात्र वाकून खालचा कागद बघत होता. कोरडा. तो पुन्हा पुन्हा बघत होता, आणि त्याच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक.

"बसा ना," सून म्हणाली, पण खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता आणि तो उचलायला कुणाचा हात रिकामा नव्हता. "नको, निघतो," तो म्हणाला. तिनं दोनदा थँक्यू म्हटलं आणि दार लावलं. दारामागे पुन्हा सगळं सुरू झालं.

बाहेर फाटकाशी सिस्टरनं पिशवीतून कागद काढले. भिजून वाळल्यामुळे ते कडेनं फुगले होते. तिनं त्याचा कागद शोधला आणि पेनचं टोपण काढलं.

"काका," ती जरा थांबून म्हणाली, "जखम भरलीय तशी. पण पुढच्या सोमवारी एकदा बघून जाईन असं लिहिता येईल. लिहू का?"

तिचा राग गेला होता असं नाही. तरी तिनं विचारलं होतं. आणि वायसरला तो सोमवार असा लख्ख दिसला, खुर्च्या झटकलेल्या, जिन्यावर पावलं, अठरा मिनिटं.

"नको," तो म्हणाला. "भरली असंच लिहा."

"नक्की?"

"तुमच्या यादीत दुसरं कुणी असेल ना थांबलेलं?"

"आहेत. दोघं."

"मग लिहा."

तिनं लिहिलं. कागद आत ठेवताना म्हणाली, "पेटीला काही झालं तर सांगू कुणाला?"

"काही होणार नाही तिला," वायसर म्हणाला, आणि म्हणताना त्यालाही कळलं की हे अगदी खरं आहे. चांगलं केलेलं काम पुन्हा बोलावणं पाठवत नाही. फिटरला हे पहिल्या वर्षीच कळतं, फक्त तेव्हा घरी कुणीतरी वाट बघत असतं म्हणून ते टोचत नाही.

सिस्टर "येते काका" म्हणून डावीकडे वळली. आज तिची अजून चार घरं व्हायची होती. वायसर थोडा वेळ फाटकाला धरून उभा राहिला, पायाला कळ लागली होती ती ओसरेपर्यंत. मग आधी बरा पाय, नंतर दुसरा, असा तो निघाला.